खापर नावाचा बँड

आमच्याकडे बँड काढला असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, तुळशीचं लग्न झाल्यावर कुठल्या तारखा मोकळ्या आहेत. खान्देशात बँड म्हणजे लाल कोट, पितळी कर्णे आणि वरातीपुढे घामाघूम होऊन चालणारी माणसं. त्यामुळे जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी रॉक बँड काढला, तेव्हा वाजवायच्या आधी समजावून सांगण्यातच आमची बरीच शक्ती गेली.

बँडची कल्पना गिटारवाल्याची. तो धुळ्याचा. खांद्यापर्यंत केस आणि बारा महिने काळा टी-शर्ट. जळगावच्या मे महिन्यात काळा टी-शर्ट घालून दुपारी बाहेर पडणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा कलाकार, आणि तो काय आहे हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो गिटार शिकला होता आणि खरं सांगायचं तर बरी वाजवायचा. ड्रमर जळगावचाच, मारवाडी घरातला. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पातेलं घेताना बोटानं वाजवून बघतं. हा लहानपणापासून गिऱ्हाइकाच्या आधीच वाजवायला लागायचा आणि थांबायचा नाही. शेवटी वडिलांनी वैतागून त्याला जुना ड्रमसेट घेऊन दिला. अट एकच होती, दुकानातल्या मालाला हात लावायचा नाही. गायक पिंपळनेरच्या बाजूचा, हॉस्टेलवर राहणारा. वर्गात त्याचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता, पण हॉस्टेलच्या बाथरूममध्ये तो इंग्रजी गाणी असा ओरडायचा की वॉर्डननं एकदा दार तोडायला माणूस बोलावला होता.

आणि चौथी मी. मला घेतलं, कारण बेस गिटार वाजवायला कोणी मिळत नव्हतं. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले होते, एवढं भांडवल गिटारवाल्याला पुरेसं वाटलं. तो म्हणाला, चारच तारा असतात, अवघड काही नाही, आणि तसाही बेस लोकांना वेगळा ऐकू येत नाही. या शेवटच्या गोष्टीमुळे मी तयार झाले. धुळ्यात एकजण लग्न ठरल्यामुळे आपला बेस विकत होता, तो आम्ही आणला. पप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं की दोन तारा तुटलेल्या दिसत असताना मी घेतलाच कसा. आईचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. हे उभं राहून वाजवायचं का, आणि वाजवायचं असेल तर ओढणीचं काय करणार.

नाव ड्रमरनं सुचवलं. गिटारवाल्याला इंग्रजी नाव हवं होतं, ज्यात काळोख, रक्त आणि एखादा पक्षी यांतलं निदान एक तरी असेल. ड्रमर म्हणाला, खापर ठेवू. खापर म्हणजे आमच्याकडचं मांडे भाजायचं मातीचं भांडं, चुलीवर उलटं टाकतात आणि पाठीवर पुरणाचा भलामोठा मांडा पसरतात. शिवाय बँड फसला की खापर कोणावर फोडायचं ही अडचण राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. आम्ही तिघं हसलो, गिटारवाला हसला नाही, आणि तीन विरुद्ध एक मतांनी नाव पक्कं झालं.

सरावाला जागा मिळत नव्हती. ड्रमरच्या घरी पाठीमागच्या खोलीत एकदा वाजवलं, तर शेजारच्या काकूंनी ड्रमरच्या आईला येऊन विचारलं, घरात काही वाद चाललेत का. शेवटी गिटारवाल्याच्या मामांनी जागा दिली. त्यांना सगळे नाना म्हणत. जळगावच्या बाहेर नानांचं केळी पिकवायचं चेंबर होतं. म्हणजे गोदामासारख्या जागेत ओळीनं खोल्या, जाडजूड भिंती, पोलादी दारं. आत गार हवेत हिरवे घड ठेवायचे आणि पिवळे बाहेर काढायचे. त्यातल्या एका खोलीचं मशीन बंद पडलं होतं. नानांनी ती खोली दाखवली आणि सांगितलं की इथे काय वाटेल ते करा, बाहेर मुंगीलासुद्धा ऐकू जाणार नाही.

ते खरं होतं. पण आत आम्हालाही ऐकू येईनासं झालं, कारण सगळा आवाज भिंतीवर आपटून आमच्याच डोक्यात परत यायचा. गार हवेचं मशीन बंद, त्यामुळे खोली तापायची. भिंतींना वर्षानुवर्षांचा केळ्यांचा वास बसलेला. सराव करून घरी गेले की आई लांबूनच ओळखायची. गायकाला त्या वासानं भूक लागायची आणि नाना शेजारच्या खोलीतून डागाळलेल्या केळ्यांची फणी पाठवायचे. आमच्या पहिल्या सहा महिन्यांच्या संगीतावर सर्वात जास्त प्रभाव कशाचा असेल, तर तो केळ्यांचा. दार आतून उघडायला अडचण होती, म्हणून दारात एक क्रेट अडकवून ठेवायचो. एकदा ड्रमरनं बसायला तोच क्रेट ओढला आणि आम्ही आत अडकलो. मोबाइलला रेंज नव्हती. मदतीला हाक मारावी तर बाहेर ऐकू जाणार नाही, ही जागेची खुबीच होती. अखेर नाना केळी द्यायला आले आणि आम्ही सुटलो. नानांनी त्या दिवशी केळी नेहमीपेक्षा जास्त दिली.

पहिला कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला. आमच्या आधी लावणी होती, नंतर फॅशन शो. निवेदकानं आम्हाला ऑर्केस्ट्रा म्हणून बोलावलं. गिटारवाल्यानं माइकवर जाऊन ती चूक दुरुस्त करायला सुरुवात केली आणि माइक किंचाळला. पुढच्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, ते आम्ही उतरेपर्यंत काढले नाहीत. आम्ही एक इंग्रजी गाणं निवडलं होतं. गायकानं पहिलं कडवं गायलं आणि दुसऱ्या कडव्याचे शब्द तो विसरला. तो थांबला नाही. त्यानं तोंडाला येईल ते आवाज काढले, शब्द नसलेलं अख्खं कडवं गायलं, आणि पाच-सहाशे मुलांतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मग वीज गेली. माझा बेस, गिटार, माइक, सगळं एकदम बंद. फक्त ड्रमरला कळलं नाही. तो डोळे मिटून, मान हलवत, अंधारात वाजवतच राहिला. आणि मुलांनी शिट्ट्या मारल्या, बाकं बडवली, मोबाइलचे दिवे लावले. दिवे आले तेव्हा टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो फक्त त्याच्यासाठी होता. गिटारवाला त्यानंतर काही दिवस त्याच्याशी मोजकंच बोलत होता.

त्या गॅदरिंगचा व्हिडिओ फिरत फिरत धुळ्याला पोचला आणि गिटारवाल्याच्या दूरच्या नात्यातल्या एका भाऊंचा फोन आला. त्यांच्या मुलाचं सोनगीरला लग्न होतं, आणि घरातल्याच पोराचा बँड असताना बाहेरचा कशाला सांगायचा, असं त्यांनी विचारलं. गिटारवाल्यानं आम्हाला सांगितलं की लग्नात स्टेज आहे, संध्याकाळचा लाइव्ह शो आहे. त्याला खरंच तसं वाटलं होतं. भाऊंनी बँड म्हटलं, यानं बँड ऐकलं, आणि दोघांच्या डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रं उभी राहिली.

आम्ही सकाळी सोनगीरला पोचलो तर किल्ल्याच्या खालच्या बाजूला मांडव, मांडवासमोर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला ट्रॉली आणि ट्रॉलीत जनरेटर. ट्रॉलीला फ्लेक्स लावलेला, त्यावर आमच्या चौघांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, खापर ब्रास बँड व बँजो पार्टी. भाऊंनी कौतुकानं विचारलं की बाकीची माणसं मागून येताहेत का, आणि कोट कुठे आहेत. गिटारवाल्याचा चेहरा मला अजून आठवतो. परत फिरायला तोंड नव्हतं. नवरदेव घोडीवर बसून तयार होता.

ड्रमसेट दोरीनं ट्रॉलीला बांधला. मी एका हातानं ट्रॉलीचा कठडा धरायचा की दोन्ही हातांनी बेस वाजवायचा, या निवडीत अडकले होते. ट्रॅक्टर निघाला आणि आम्ही आमचं सगळ्यात दणदणीत गाणं सुरू केलं. घोडी सराईत होती, तिनं कानसुद्धा हलवला नाही. माणसांचं तसं नव्हतं. नवरदेवाचे मित्र नाचायला पुढे आले, हात वर केले आणि तसेच थांबले. कुठल्या ठेक्यावर पाय टाकायचा ते कोणालाच सापडेना. एकानं नागीण डान्सचं वाजवा म्हणून सांगून बघितलं. दुसऱ्यानं गायकाकडे बघून बरं नाही का असं खुणेनं विचारलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं गप्प उभी होती. आमच्या खान्देशात वरात गप्प असणं म्हणजे काहीतरी अघटित झालं असं समजतात.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या पुढे आली. तिला सगळे अक्का म्हणत होते. नऊवारी, हातात ओवाळणीचं ताट. तिनं हात वर करून ट्रॅक्टर थांबवला, आम्हाला वाजवणं थांबवायला लावलं आणि कोणावरही न रागावता विचारलं,

"पोरेहो, हाई काय शे? बठ्ठा उभा शेतस. आते नाचनं कसं?"

सगळे नुसते उभे, आता नाचायचं कसं, हा तिचा प्रश्न रास्त होता. गिटारवाला शहरी मराठीत समजावायला लागला की हा एक वेगळा संगीतप्रकार आहे. अक्का ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. आणि मग आमचा गायक बोलला. आमच्याशी वर्षभर पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारा, "मला असे वाटते" असं म्हणणारा तो मुलगा माइक बाजूला सारून अक्काशी घडाघडा अहिराणीत बोलायला लागला. काय बोलला ते मला सगळं कळलं नाही. माझं घर जळगाव शहरातलं, आमच्याकडे ती बोली कामवाल्या मावशींपुरती. पण अक्का हसली, त्याच्या गालाला हात लावला आणि कुठलं गाव म्हणून विचारलं. मग ती ट्रॉलीच्या कडेला येऊन उभी राहिली आणि त्यानं हळदीला बायका म्हणतात तसलं एक गाणं सुरू केलं.

पहिल्या ओळीला साथ नव्हती. दुसऱ्या ओळीला बायकांनी सूर धरला. तिसऱ्या ओळीला ड्रमरनं, ज्याला घरी राजस्थानी गाण्यांची सवय होती, ठेका पकडला. मी एकाच तारेवर एकच स्वर ठोकत राहिले, कारण तेवढंच सुचत होतं आणि तेवढंच जमत होतं. वरात हलली. एक म्हातारे आबा काठी नातवाकडे देऊन नाचले. गिटारवाला बराच वेळ गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा होता. मग त्यानंही वाजवलं, पण आमच्याकडे न बघता. देवळापर्यंतचा रस्ता संपला तरी बायका थांबायला तयार नव्हत्या, आणि ट्रॅक्टरला गावाला आणखी एक फेरा मारावा लागला.

परतताना भांडण झालं. आम्ही ड्रमरच्या दुकानाच्या टेम्पोत मागे बसलो होतो. गिटारवाला म्हणाला, आपण रॉक बँड काढला होता आणि आज आपली गावठी बँजो पार्टी झाली. ड्रमरनं त्याला आठवण करून दिली की फ्लेक्सवर तसंच लिहिलं होतं. गायक खाली बघत होता. मग तो शांतपणे म्हणाला,

"मी जी इंग्रजी गाणी गातो, त्यांचा अर्थ मला कळत नाही. तुलाही कळत नाही. मी निदान तसं सांगतो."

पारोळ्याला गिटारवाला उठून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

त्यानंतर गायक सरावाला येईना. फोन उचलेना. मी आणि ड्रमर त्याला शोधत मेसवर गेलो, तर तो एकटाच जेवत बसला होता. ताटात मेसचं भरीत. जळगावच्या भरताची कीर्ती बाहेर कुठल्या कुठे गेलेली आहे, पण हॉस्टेलच्या मेसपर्यंत ती पोचलेली नव्हती. ते राखाडी रंगाचं होतं आणि त्याला वांग्याचा वास नव्हता. त्यानं आम्हाला बसवून घेतलं आणि हळूहळू सांगितलं. पहिल्या वर्षी त्याच्या तुकडीत त्यानं सरांना शंका विचारली, बोलता बोलता "आहे"च्या जागी "शे" निघून गेलं आणि सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर त्याचं नावच ते पडलं. तेव्हापासून तो एकेक वाक्य आधी मनात धुऊन मग बाहेर काढायचा. इंग्रजी गाणं त्याला आवडायचं, कारण त्यात कोणालाच त्याची चूक काढता यायची नाही.

ड्रमर मारवाडी. घरी एक भाषा, दुकानात दुसरी, कॉलेजात तिसरी. तो म्हणाला की त्याला तर सगळ्याच भाषांत हसतात आणि त्यामुळे गिऱ्हाईक वाढतं. मग त्यानं ताटातल्या भरताकडे बोट करून विचारलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात. गायकानं चमच्यानं भरीत उचललं, बघितलं आणि म्हणाला, "हाई भरीत शे का?"

तो ज्या स्वरात म्हणाला, त्यात इतका खरा संताप होता की ड्रमरनं तिथेच टेबलावर ठेका धरला. मेसवाले काका काउंटरवरून बघत होते. ते जेवण होईपर्यंत गाण्याचा निम्मा भाग झाला होता.

गिटारवाल्याला आम्ही काही समजावलं नाही. फक्त केळ्यांच्या खोलीत बोलावलं आणि गाणं वाजवलं. त्यानं ते दोनदा ऐकलं. माफी वगैरे त्याच्या स्वभावात नाही. त्यानं गिटार काढली, आवाज फोडणारं ते पायाखालचं यंत्र जोडलं आणि "शे का" च्या पाठीमागे असा एक करकरीत तुकडा टाकला की माझ्या दातांना मुंग्या आल्या. मग म्हणाला, तिसऱ्या ओळीत एक शब्द चुकलाय, माझी आजी असं म्हणत नाही. धुळ्याला त्याच्या घरात आजी, काका, सगळे अहिराणीच बोलायचे, आणि हे त्यानं आम्हाला कधी सांगितलेलं नव्हतं.

ते गाणं घेऊन आम्ही धुळ्याला एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो. ड्रमरच्या वडिलांना, म्हणजे बाबूजींना, त्याच दिवशी धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे माल पोचवायचा होता, त्यामुळे आम्ही पातेल्यांबरोबरच गेलो. बाबूजी सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसले. पांढरा सफारी, मांडीवर पिशवी. ड्रमर स्टेजवरून सारखा त्या रांगेकडे बघत होता. बाबूजींनी त्याला कधी वाजवताना बघितलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं, आणि तेही बंद करायला सांगण्यापुरतं.

गाणं सुरू झालं आणि पहिल्यांदा सभागृहाला कळलंच नाही की हे कुठल्या भाषेत चाललंय. रॉकच्या आवाजात लोक इंग्रजीच ऐकतात. मग गायकानं मधेच सगळ्यांना थांबवलं, माइकजवळ गेला आणि सगळ्यांना समजलं का ते आपल्या बोलीत विचारलं, "बठ्ठासले समजनं का?" मागून साक्री-शिरपूरकडच्या मुलांचा असा हुंकार आला की पडदा हलल्यासारखा वाटला. दुसऱ्यांदा "हाई भरीत शे का" आलं तेव्हा सगळं सभागृह ओरडत होतं. धुळ्यातल्या सगळ्या हॉस्टेलांच्या मेस बहुधा सारख्याच असाव्यात. मी बेस वाजवताना आयुष्यात पहिल्यांदा खाली न बघता समोर बघितलं. फार मजा आली. याहून चांगला शब्द मला तेव्हाही सुचला नाही आणि आताही सुचत नाही.

नंबर आला नाही. एका परीक्षकांनी सांगितलं की सादरीकरणात जोर आहे, पण भाषा शुद्ध हवी. दुसऱ्यांना आम्ही नेमके कोणत्या गटात बसतो ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला लोककला गटात टाकून उत्तेजनार्थ दिलं. प्रमाणपत्रावर समूहगीत, लोककला असं छापलेलं आहे. ते गिटारवाल्यानं मागून घेतलं. काळोख आणि रक्ताच्या नावासाठी भांडलेला माणूस, त्यानं ते फ्रेम करून घरी लावलं. बाबूजी बाहेर टेम्पोपाशी उभे होते. मुलाला म्हणाले, "हात अच्छा चालतो तुझा. आता माल उतरव." ड्रमरनं इतक्या आनंदात पातेली उतरवलेली मी नंतर कधी बघितली नाहीत.

बँड कॉलेजबरोबर संपला. भांडण नाही, काही नाही. गिटारवाला पुण्याला नोकरीला गेला, केस कापले, टी-शर्ट अजून काळाच, पण सोमवार ते शुक्रवार त्यावर कंपनीचं नाव असतं. ड्रमर दुकानात बसतो. गायक साक्री तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गणित शिकवतो आणि पाढे ठेक्यात म्हणायला लावतो, त्याबद्दल मुख्याध्यापकांनी त्याला समज दिली आहे. तो पाढ्यांना ठेका देतच राहिला आहे.

मी जळगावातच एका बांधकामाच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. आमच्या कॉलनीत बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यांच्या पेटीवाल्या बाई मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या, आणि आईनं बाजारात भाजी घेता घेता परस्पर माझं नाव सांगून टाकलं. पेटी वाजवायची मी विसरले होते, म्हणून बेस घेऊन गेले. बायकांनी दोन भजनं ऐकली, आपसांत बोलल्या आणि मला ठेवून घेतलं. गेल्या महिन्यात पहूरला आमचा कार्यक्रम झाला. सप्ताहाच्या मांडवातला साउंडवाला माझ्या वाद्याची वायर हातात धरून विचारात पडला की ही कुठे लावायची आणि भजनात हिचं काम काय. मी तोंड उघडायच्या आत आमच्या मंडळातल्या सगळ्यात थोरल्या बाईंनी, त्यांनाही आम्ही अक्काच म्हणतो, टाळ खाली ठेवला आणि त्याला सांगितलं, "विजेवरची वीणा आहे ती. लाव लवकर, महाराज थांबलेत."

त्यानं लावली.